काजळीचं नख आणि मामाची घोंगडी

आमच्या घरात दिवसभर टकटक टकटक चालायचं. काजळी गॅलरीतून गॅसपाशी आली की फरशीवर टकटक, परत गेली की टकटक. आम्ही मुकुंदवाडीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि खाली घरमालकीण वच्छलाबाई, म्हंजे तो आवाज सगळा त्यांच्या डोक्यावर. एक दिवस त्यांनी आईला जिन्यातच गाठलं.

"सखूबाई, वर घोडं बांधलंय का वो? नाल ठोकून आणलंय वाटतं."

"घोडं कुठलं, कुत्री हाय. दादाची."

"भाऊ मेंढक्या, कुत्री नखाळी. आता मेंढरं तेवढी राहिली बघा वर चढवायची."

आईनं हसण्यावारी नेलं. तिला सवय आहे. पण मामा दाराच्या आडच उभा होता आणि त्यानं ते सगळं ऐकलं. मला वाटतं तिथूनच सगळं बिघडलं.

बिरूमामा म्हंजे आईचा थोरला भाऊ. आम्ही धनगर. आई लग्न होऊन शहरात आली, माझे वडील कंपनीत लागले, पण मामानं मेंढरं सोडली नाहीत. सोयगाव, फर्दापूर, सिल्लोड असं सगळं रान त्यानं पायानं तुडवलेलं. मामी, मंजुळाबाई तिचं नाव, कायम त्याच्यासोबत. त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती काजळी. मामीनं तिला पिल्लू असताना शेळीचं दूध पाजून वाढवलं होतं. काळी कुळकुळीत, डोळ्याच्या कडासुद्धा काळ्या, म्हणून काजळी.

मग सोयगावकडं रानातच मामीला कावीळ झाली. मामानं झाडपाला दिला, कुणाकडून तरी मंतरून दोरा आणला, आणि शेवटी सिल्लोडच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणले उशीर केला. मामी गेली. मामानं सगळी मेंढरं सिल्लोडच्या बाजारात विकली आणि काजळीला एसटीत घेईनात म्हणून कुणाच्या तरी टेम्पोत बसून आमच्याकडं आला. सोबत फक्त तीन गोष्टी. काजळी, मेंढरं कातरायची कातर आणि खांद्यावर घोंगडी. त्या घोंगडीची लोकर त्याच्याच मेंढरांची, आणि सूत मामीनं चालता चालता चातीवर कातलेलं. मामा ती घोंगडी एक मिनिट सोडायचा नाही. जेवताना खांद्यावर, झोपताना अंगावर, उन्हाळ्यातसुद्धा. काजळी त्या घोंगडीच्याच एका कोपऱ्यावर झोपायची. रानात पण तशीच झोपायची म्हणे.

आता रानातल्या कुत्र्याचं नख कुणी कापत नाही. गरजच पडत नाही. दगडधोंड्यात रोज एवढं चालणं, नख आपोआप घासून जातं. पण इथं चालणार कुठं? खाली उतरवलं की गल्लीतली कुत्री तिच्यावर तुटून पडायची, एकदा तर कान फाडला तिचा. मग ती गॅलरीतच. दिवसभर गुळगुळीत फरशी. नखं वाढली, वाकडी झाली, चालताना बोटं तिरकी पडायला लागली. आणि पुढच्या डाव्या पायाचं अंगठ्याचं नख, ते जे वर असतं, जमिनीला टेकतच नाही, ते तर विळ्यासारखं गोल वळून तिच्याच कातडीकडं निघालं होतं.

वच्छलाबाईंचं बोलणं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मामानं कातर काढली.

मी तेव्हा घरी होते, अभ्यास करत होते. मामा म्हणला, "पोरी, दार लाव गॅलरीचं. हिचे खूर काढतो."

"मामा, खूर नाय ते, नखं आहेत."

"तेच ते. हजार मेंढरांचे काढलेत म्या."

आणि त्यानं अगदी मेंढीला करतात तसंच केलं. मेंढी आडवी पाडायची, मानेवर गुडघा ठेवायचा, डोळ्यावर घोंगडी टाकायची म्हंजे अंधारात ती गप पडते, आणि खूर कापायचा. काजळी पडून राहिली. बिचारी. शेपूट हलवत होती घोंगडीखालून, तिला वाटलं असेल खेळतोय. मामानं पुढच्या उजव्या पायाची नखं कातरीत धरली आणि कटकन दाबली.

ती ओरडली ना, तसं मी कुत्र्याला ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. माणसासारखं. सगळ्या फरशीवर रक्त. मेंढीच्या खुराचं वाढलेलं टोक मेलेलं असतं, कुत्र्याच्या नखात आत जिवंत नस असते, आणि काजळीची नखं काळी, नस दिसणार कुठून? ती घोंगडीतून डोकं काढून वळली आणि मामाच्या मनगटाला चावली. आयुष्यात पहिल्यांदा. मग दिवाणाखाली घुसली ती बाहेरच येईना. आईनं कामावरून आल्यावर हळद चेपली तिच्या पायाला, तीपण दिवाणाखाली झोपून. मामा नुसता भिंतीला टेकून बसला होता मनगट धरून. आई त्याला म्हणली, "दादा, तुजं मनगट दाखव."

"मला काय झालंय? तिचं बघ."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी काजळीचे पाय लांबूनच बघितले, कारण ती कुणाला पायाला हात लावू देईना. छातीला नळी लावून मात्र बराच वेळ ऐकलं. मग म्हणल्या, "बाबा, हिचं हृदय थकलंय. बेशुद्ध करून नखं काढली तर ही उठेलच असं मी सांगू शकत नाही. तोंड बांधून जबरदस्तीही नको. घरीच रोज थोडं थोडं घासा. तिला आधी विश्वास बसू द्या. पण ते अंगठ्याचं नख बघितलं का? टोक कातडीला टेकलंय. ते आत घुसलं तर पाय सडेल. आणि पाय सडला की मग मला हिला बेशुद्ध करावंच लागेल."

मामानं फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे तिनं मला पाय द्यायला पायजे."

"हो. तिनं आपणहून द्यायला पाहिजे."

घरी येताना रिक्षात मामा मला म्हणला, "मंजुळेला द्यायची ती. रानात बाभळीचा काटा भरला की तुजी मामी खाली बसायची, तळहात असा उघडा ठेवायची आन निस्तं म्हणायची, काटा. की ही पाय आणून ठेवायची हातात. मला नाय दिला कधी. मी कधी मागितलाच नाय म्हना."

मग आमचं सुरू झालं. लोखंडी कानस नको, कातरीसारखाच आवाज, म्हणून मी माझी शाळेतली लाकडी पट्टी मोडली आणि तिला लाकूड घासायचा पॉलिश पेपर चिकटवला. आधी ती पट्टी नुसती काजळीच्या भाकरीशेजारी ठेवायची. ती पट्टीला हुंगायची, खायची. मग पट्टी हातात धरून भाकरी द्यायची. मग पट्टी पाठीवर टेकवायची, मग खांद्याला, मग पायाला. मग पट्टी फरशीवर खरखर घासून दाखवायची आणि लगेच भाकरीचा तुकडा. आईला हे सगळं येडेपणा वाटायचा. "मला नाय कुणी एवढं लाडानं शिकवलं," म्हणायची, पण कामावरून येताना काजळीसाठी कुठूनतरी खरवडलेली साय घेऊन यायची.

आणि काजळी शिकत होती! आईच्या हातून पट्टी पायाला लावून घ्यायची. माझ्याही. मी एकदा मागच्या पायाचं एक नख दोनदा घासलं, ती फक्त माझ्याकडं बघत राहिली. मी एवढी ओरडले आनंदानं की ती घाबरून परत दिवाणाखाली. पण पुढचे पाय, तो दुखावलेला आणि तो वाकड्या नखाचा, ते दोन्ही पाय ती आम्हा दोघींना नाय द्यायची. धरला की ओढून घ्यायची आणि आमच्यात तेवढा जोर नव्हता, जोर करायचापण नव्हता.

आणि मामा आत आला की संपलं. मामा दारात दिसला की ती जागेवरच मुतायची. मुतायची खरंच. मामा तिथूनच वापस फिरायचा. स्वतः फडकं आणून पुसायचा, ती दिवाणाखाली गेल्यावर. कधी गॅलरीच्या दाराबाहेर उकिडवा बसायचा, तळहात उघडा ठेवून. "काटा," म्हणायचा हळूच. "काजळे, काटा." आतून काहीच नाही. एवढा मोठा माणूस, मिशी पांढरी, आणि असा हात पसरून बसलेला. मला बघवायचं नाही. मी एकदा म्हणलं, "मामा, उठ ना, जेव." तर म्हणला, "म्या तिच्या मानेवर गुडघा ठिवला गं. तिला काय ठावं मी मेंढी समजून केलं."

वच्छलाबाई एकदा वर आल्या भाड्याचं बोलायला आणि काजळी चक्क त्यांच्या पायापाशी जाऊन बसली. वच्छलाबाईंनी घाबरत घाबरत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गरीब हाय की वो ही." मामा स्वयंपाकघरातून बघत होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग एका रविवारी आईनं मामाच्या मागं लागून लागून घोंगडी वाळत घालायला घेतली. गच्चीवर ऊन होतं. मामानं डोक्यावरून अंघोळ केली, वडिलांचा शर्ट घातला आणि घरात आला. काजळी गॅसपाशी झोपली होती. तिनं डोकं वर केलं. ती उठली, टकटक करत मामापर्यंत आली आणि त्याच्या पायाचा वास घेतला. शेपूट हलवली! थोडीशीच, पण हलवली. मामा पुतळ्यासारखा. डोळ्यात पाणी त्याच्या.

तेवढ्यात वच्छलाबाईंच्या सुनेनं गच्चीवरची घोंगडी आणून दारात दिली, "वारं सुटलंय, उडून चालली होती." काजळीनं ती घोंगडी बघितली आणि अशी मागं सरकली की तिचं डोकं सिलेंडरवर आपटलं.

आईच्या लगेच लक्षात आलं. "दादा, ती तुला नाय भीत. घोंगडीला भितीया. तू ती तिच्या डोळ्यावर टाकली व्हती ना?"

मामा म्हणला, "आयुष्यभर झोपली ती हिच्यावर."

"झोपली असंल. आता भितीया ना. आन तुज्या अंगाला घोंगडीचाच वास. काढून ठेव."

मामानं ऐकलं नाही. म्हंजे ऐकलं, पण त्याच्याच्यानं होईना. त्यानं घोंगडी पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत खांद्यावर. मग साबणानं धुतली. ओली लोकर अजूनच वास मारते, घरभर मेंढरांचा वास, काजळी दिवाणाखालून भाकरीलासुद्धा बाहेर येईना. मग त्यानं ती शेजारच्या पडक्या खोलीत नेऊन ठेवली तर उंदीर लागतील म्हणून संध्याकाळी वापस आणली. मला राग यायचा. मी एकदा जोरात बोलले, "मामा, घोंगडी मोठी का काजळी?"

त्यानं घोंगडीचा काठ मुठीत धरला. "पोरी, मंजुळेचा हात लागलेलं दुसरं काय हाय माज्यापाशी?"

"काजळी आहे ना."

तो उठून बाहेर गेला. आईनं मला डोळे वटारले. मला अजून वाटतं मी बरोबर बोलले होते आणि तरी बोलायला नको होतं.

ह्या सगळ्यात दिवस गेले. आणि एका सकाळी काजळी तीन पायांवर उभी दिसली. डावा पाय उचललेला, फरशीवर पाणचट रक्ताचा थेंब. नखाचं टोक आत घुसलं होतं. वास यायला लागला होता. ती स्वतःच तो पाय चाटत होती, थांबत होती, परत चाटत होती.

मामानं ते बघितलं. घोंगडी खांद्यावरच होती. तसाच जिना उतरला. आई वरून ओरडली, "दादा, कुठं चालला?" त्यानं मान वळवली नाही.

दुपारी आला तेव्हा खांदा मोकळा होता. त्या रविवारीसुद्धा त्याला मी असं बघितलं नव्हतं, तो एकदम बारीक दिसला, कुणीतरी सोलल्यासारखा. चिकलठाण्याच्या पलीकडं मोकळ्या रानात मेंढरं बसली होती, तिथल्या एका बाईला देऊन आला म्हणला. "साळूबाई नाव हाय. लेकरू लहान हाय तिचं. थंडीत व्हईल." मग नळाखाली बसला आणि दगडानं अंग घासून घासून अंघोळ केली. आईनं त्याचे सगळे जुने कपडे गरम पाण्यात टाकले.

मग तो गॅलरीत जाऊन बसला. खाली, मांडी घालून. तळहात उघडा.

"काजळे. काटा."

ती लगेच नाही आली. गोष्टीत येतात तशी नाही आली. लंगडत दिवाणाच्या कडेपर्यंत आली, थांबली, परत आत गेली. मामा हलला नाही. आईनं पोळ्या लाटायच्या थांबवल्या. परत बाहेर आली. मामाच्या रिकाम्या खांद्याकडं नाक केलं, हुंगलं, परत हुंगलं. आणि मग तो सुजलेला, वास मारणारा पाय तिनं उचलून त्याच्या हातात ठेवला.

मामा रडला नाही, मीच रडले. तो म्हणला, "पट्टी दे." आणि त्यानं त्या दिवशी फक्त शेजारच्या एका नखाला पट्टी लावली, अगदी हळू, खर्र खर्र, आणि ती तशीच उभी. पण अंगठ्याच्या नखाला घासायला काही राहिलंच नव्हतं. ते आत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी मामाच्या हातातला तो पाय वाकून बघितला. मग म्हणल्या, "नख आणि तेवढं बोटच काढावं लागेल. पण ही तुम्हाला पाय देतेय, तर बेशुद्ध नाही करत मी. तेवढीच जागा बधिर करते. पण ती हलली तर मला करता येणार नाही."

स्टीलच्या टेबलावर मामानं तळहात ठेवला. "काटा." काजळीनं पाय ठेवला. सुई गेली तेव्हा तिचं सगळं अंग थरथरत होतं पण पाय नाही हलला. मी बाहेर पळाले, मला नाही सहन झालं. काचेतून फक्त मामाची पाठ दिसत होती, वडिलांच्या ढगळ शर्टातली, आणि तो सारखं काहीतरी पुटपुटत होता. डॉक्टर मॅडम नंतर मला म्हणल्या, "तुझे मामा पूर्ण वेळ एकच शब्द म्हणत होते."

पाय वाचला. बोट गेलं. काजळी तेव्हापासून लंगडते. मामा रोज संध्याकाळी पट्टी घेऊन बसतो आणि ती येऊन एकेक पाय देते, टकटक बंद झाली, वच्छलाबाई म्हणतात, "आता घोडं गेलं, मांजर आलं वाटतं." आणि मामा थंडीत आईच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीत झोपतो. तिच्यात ऊब नाही लागत म्हणतो. पहाटे उठून बसलेला असतो. खांद्यावर काहीच नसतं आणि तरी त्याचा हात सारखा खांद्याकडं जातो, काहीतरी सावरायला.

ह्या थंडीत परत मेंढरं आली चिकलठाण्याकडं. मामाला कुठून तरी कळलं. म्हणला, काजळीला दाखवून आणू. मला वाटलं लई भारी होईल, मी कॉलेज बुडवलं, आम्ही रिक्षा केली. उतरल्या उतरल्या मेंढरांचा आवाज आला आणि काजळीचे कान उभे राहिले. मी तिला कधीच तसं बघितलं नव्हतं. लंगडत लंगडत पळायलाच लागली, शेपूट वर, मेंढरांच्या कडेनं, जसं काही ती त्यांनाच वळवायला आलीय. मामा हसत होता. "बघ, बघ तिला, आता कशी फेर धरती बघ."

आणि एका बाभळीखालून एक बाई उठली, काखेला लेकरू, खांद्यावर घोंगडी. मामाची घोंगडी. साळूबाई. तिनं मामाला ओळखलं आणि हसत पुढं आली.

काजळी जागच्या जागी बसली. पोट जमिनीला. तिच्याखाली माती ओली झाली. मग ती तशीच, पोटावर, सरपटत मागं मागं मामाच्या पायापर्यंत आली.

साळूबाई म्हणली, "बाबा, तुमची घोंगडी लई ऊबदार हाय वो. पण तुमच्याच अंगावर काय नाय दिसत. थंडी लई पडली. घ्या वापस, मला दुसरी हाय." आणि ती खांद्यावरून काढायलाच लागली.

मामाचा हात पुढं झाला होता. मी बघितलं. खरंच झाला होता. मग त्यानं खाली बघितलं, तो हात मागं घेतला आणि मातीत बसला. "नको माय. हिला चालत नाय."

काजळीनं, कुणी काही म्हणलं नव्हतं तरी, तो बोट नसलेला पाय उचलून त्याच्या हातात ठेवला. मामा तो पाय उलटा करून बघायला लागला. बोटांच्या मधी, गादीखाली, केस बाजूला करून करून. मला माहीत होतं तिथं काही नाही. त्यालाही माहीत असेल. तरी तो बघत राहिला.

साळूबाई वाकली. "काटा भरला का वो? लई खोल गेला का?"

मामा मान वर न करता म्हणला, "तू ती घोंगडी घिऊन जराशी लांब जा माय."